फॉर्मॅलिनमधली परंपरा आणि परळची हवा

साहित्यचर्चेत काही उपमा इतक्या अंगवळणी पडतात की त्या कुठून आल्या हे कुणी विचारीत नाही. बोलींच्या संरक्षणावरचा परिसंवाद असो, जुन्या संगीत नाटकाचा नवा प्रयोग असो किंवा विद्यापीठातला संतसाहित्याचा अभ्यासक्रम असो, कुणीतरी वक्ता उठतो आणि म्हणतो की ही परंपरा तुम्ही फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवली आहे. सभागृहाला अर्थ लगेच कळतो: वस्तू जशीच्या तशी राहिली, पण तिच्यातला जीव गेला. आम्हीही हे वाक्य एकाहून अधिक लेखांत लिहिले आहे. ते लिहिताना फॉर्मॅलिन म्हणजे नेमके काय, त्यात वस्तू खरोखरच ‘जशीच्या तशी’ राहते का आणि ती बाटली सांभाळणाऱ्या माणसाचे काय होते, याची आम्ही चौकशी केली नव्हती. प्रस्तुत लेख म्हणजे ती उशिरा केलेली चौकशी आहे.

मुंबईत ही चौकशी करायची तर परळला जावे लागते. गिरणगावाच्या ऐन मध्यावर, एका दमात चालून होईल एवढ्या टापूत, या द्रव्याशी रोजचा व्यवहार असलेल्या किती संस्था एकवटल्या आहेत हे पाहून आश्चर्य वाटते. पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा, तीच पुढे १९२५ साली हाफकिन संस्था झाली. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ सालचे, आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालचे. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीच्या शेजारी रोगजंतू, ऊतके आणि शवे यांचे हे दुसरे कारखाने उभे राहिले. त्यांचा इतिहास डॉक्टरांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. एका द्रव्याच्या अंगाने तो पाहिला तर थोडा वेगळा दिसतो.

या द्रव्याच्या शोधाची कथाच नावांच्या घोटाळ्याने सुरू होते. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र बुत्लेरोव १८५९ साली एक अगदी वेगळा पदार्थ बनवू पाहत होता. त्याला हवे होते मिथिलीन ग्लायकॉल, म्हणजे एका कार्बन अणूला दोन हायड्रॉक्सिल गट चिकटलेला रेणू. तो त्याच्या हाती लागला नाही. हाती आला एक पांढरा घन पदार्थ आणि नाकाला झोंबणारा एक वास. तो वास फॉर्माल्डिहाइडचा होता, पण ही ओळख पटवण्याचे श्रेय पुढे ऑगुस्ट हॉफमनकडे गेले. मिथिल अल्कोहोलची वाफ आणि हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून नेऊन १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्याने हे संयुग सिद्ध केले. बुत्लेरोव ज्याच्या शोधात होता ते मिथिलीन ग्लायकॉल मात्र तेव्हापासून आजतागायत प्रत्येक फॉर्मॅलिनच्या बाटलीत भरलेले आहे.

हे थोडे सावकाश सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. फॉर्माल्डिहाइड हा एक कार्बन, दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांचा रेणू. शून्याखाली १९ अंश सेल्सिअसला तो उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत तो वायूच असतो. हा वायू पाण्यात सोडला की तो साखरेसारखा केवळ विरघळत नाही, पाण्याच्या एका रेणूशी संयोग पावतो. या सजल रूपाचे नाव मिथेनडायॉल, किंवा जुन्या वळणाने मिथिलीन ग्लायकॉल. पाण्यात गेलेल्या रेणूंपैकी जवळजवळ सगळे हे रूप घेतात. पातळ द्रावणात मोकळा फॉर्माल्डिहाइड हजारामागे एखादाच उरतो. फॉर्मॅलिन म्हणून जे विकले जाते त्यात वजनाने सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड असतो असे आपण म्हणतो खरे, पण तो हिशेब कागदावरचा. बाटलीत प्रत्यक्षात असते ते मिथेनडायॉल, त्याच्या एकमेकांत गुंफलेल्या आखूड साखळ्या आणि या साखळ्या फार लांबून तळाशी पांढरा साका बसू नये म्हणून घातलेले थोडे मिथिल अल्कोहोल. जुनी किंवा थंडीत राहिलेली बाटली तरीही गढुळते.

मात्र हा संयोग कायमचा नव्हे. सजल रूप आणि मोकळा वायू यांच्यात सतत देवघेव चालू असते. मोकळा रेणू कुठे खर्च झाला, हवेत उडाला किंवा प्रथिनाला जाऊन चिकटला, की त्याची जागा भरायला सजल रूपातला एक रेणू पाणी टाकून मोकळा होतो. सावकाराच्या दुकानी गल्ल्यात रोकड थोडी आणि खतावण्या पुष्कळ असाव्यात, तसा हा प्रकार आहे.

ऊतकांवर या द्रव्याचा काय परिणाम होतो हे १८९३ साली फ्रांकफुर्टच्या फेर्डिनांड ब्लुमच्या लक्षात आले, आणि तेही योगायोगाने. तो जंतुनाशक म्हणून फॉर्मॅलिन तपासत होता. काम करता करता त्याच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली. कातडी कडक होते तर ऊतकही होईल, या तर्काने त्याने प्रयोग केला आणि विकृतिशास्त्राची तोवरची रीत बदलून गेली. त्याआधी नमुने राखायचे ते मद्यार्कात, किंवा आर्सेनिक आणि पारा यांच्या विषारी क्षारांनी. १८४५ साली भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि १८५१ साली भाऊ दाजी लाड यांची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. त्यांनी शरीररचना शिकली ती फॉर्मॅलिनचा जन्मही झालेला नसताना, मुंबईच्या दमट हवेत. त्या विद्यार्थ्यांना काळाशी किती झटावे लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता आमच्या उपमेकडे. फॉर्मॅलिन वस्तू जशीच्या तशी ठेवत नाही. प्रथिनांच्या लांब साखळ्यांना ते ठिकठिकाणी पकडते आणि एका साखळीला दुसरीशी बारीक पुलांनी जोडून टाकते. या जोडणीमुळे ऊतक कुजत नाही. पण त्याचा रंग जातो, ते ताठरते, आणि त्याच्या प्रथिनांची मूळ घडी झाकली जाते. द्रव्य जुने होऊन आंबट झाले असेल तर रक्ताच्या जागी काळपट तपकिरी कण उमटतात, आणि नवशिक्याला तो रोगच वाटतो. म्हणजे बरणीतली वस्तू ही मूळ वस्तूची एक ठाम, पण बदललेली आवृत्ती असते. हस्तलिखिताची छापील संपादित प्रत असते तशी, असे म्हणायचा मोह होतो.

या जोडणीला लागणारा वेळ हेही एक कोडे होते. फॉर्मॅलिन ऊतकात झपाट्याने शिरते, परंतु पकड मात्र अतिशय संथपणे घेते. लहानशा तुकड्यालाही दिवसभर ठेवावे लागते. जे इतक्या वेगाने आत जाते ते इतक्या सावकाश का वागते? १९८५ साली काही अमेरिकन संशोधकांनी याचा उलगडा मांडला: आत शिरते ते सजल रूप, आणि ते स्वतः फारसे काही करीत नाही. काम करतो तो मोकळा फॉर्माल्डिहाइड, आणि तो हजारात एक. तो खर्च होईल तसतसा नवा सुटत राहतो, म्हणून वेळ लागतो. रुग्णाचे नातेवाईक रुग्णालयाच्या बाकावर बसून ‘एवढ्याशा तुकड्याचा रिपोर्ट यायला इतके दिवस का?’ असे विचारतात, तेव्हा त्या उत्तरातला पहिला दिवस या रेणूचा असतो.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. त्याआधी ते परळच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. कर्करोग आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध शोधणारे त्यांचे काम आजही वाचण्यासारखे आहे. कमरेला धोतर घट्ट कसून नेसल्याने त्याच जागी वर्षानुवर्षे घर्षण होते आणि तिथे त्वचेचा कर्करोग उद्भवतो, हे निरीक्षण त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. एखाद्या समाजाच्या पेहरावाची नोंद अशी त्वचेच्या तुकड्यात वाचता येणे, हे आमच्यासारख्या वाङ्मयाच्या अभ्यासकांना विशेष वाटते. असे तुकडे फॉर्मॅलिनमधून काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवले जातात. हे ठोकळे दशकानुदशके टिकतात. आणि ते मुकेही झालेले नसतात. १९९१ साली असे दिसून आले की जुन्या ठोकळ्यातले काप विशिष्ट द्रावणात मायक्रोवेव्हमध्ये तापवले तर फॉर्मॅलिनने बांधलेले पूल बऱ्याच अंशी सुटतात आणि झाकलेली प्रथिने पुन्हा ओळखता येतात. परंपरा फॉर्मॅलिनमध्ये ठेवली म्हणजे ती कायमची मेली, असे म्हणणाऱ्या वक्त्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

हाफकिन संस्थेतली कथा याहून नाट्यमय आहे. वाल्देमार हाफकिनने प्लेगची लस १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती उष्णतेने मारलेल्या जंतूंची होती आणि रक्षक म्हणून तिच्यात कार्बोलिक आम्ल घातले जाई. पुढे लस करण्याच्या पद्धतीत बदल करताना ते वगळले गेले. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. बाटलीचे बूच काढायचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता हे सिद्ध व्हायला आणि हाफकिनची निर्दोष सुटका व्हायला १९०७ साल उजाडले. मुंबईतले त्याचे पद मात्र त्याला परत मिळाले नाही.

ज्या धनुर्वाताने हाफकिनचा घात केला, त्याच्या विषाला पुढे माणसाळवले ते फॉर्मॅलिननेच. इंग्लंडात अलेक्झांडर ग्लेनीला १९२०च्या सुमारास आढळले की काही भांड्यांतले घटसर्पाचे विष दुबळे झाले आहे, पण ते टोचले असता प्राण्यात प्रतिकारशक्ती मात्र निर्माण होते. ती भांडी फॉर्मॅलिनने धुतलेली होती आणि त्याचा अंश मागे राहिला होता. १९२३ साली फ्रान्समध्ये गास्तों रामोंने हीच गोष्ट रीतसर, ठरावीक मात्रेने आणि उबेत ठेवून करून दाखवली. विषाचा आकार शरीराला ओळखू येण्याइतका उरतो, त्याची मारक शक्ती जाते. त्याला मराठीत विषाभ म्हणतात, आणि हा शब्द आम्हांला फार समर्पक वाटतो. परळची प्लेगची लसही नंतर बदलली. साहिबसिंग सोखी १९३२ पासून संस्थेचे संचालक होते. त्यांच्या सुधारित पद्धतीत प्लेगचे जंतू अत्यंत विरळ फॉर्मॅलिनने मारले जात. शंभरात पाच शतांश भाग एवढ्या मात्रेने. लहानपणी खरचटल्यावर दंडावर घेतलेले धनुर्वाताचे इंजेक्शन प्रत्येक वाचकाला आठवत असेल. ते याच रसायनशास्त्राचे फळ.

रुग्णालयांच्या भिंतीपलीकडे, गिरण्यांतही हे द्रव्य होते. कापडाला चुण्या पडू नयेत म्हणून युरिया आणि फॉर्माल्डिहाइडच्या राळेचा हात देण्याची युक्ती मँचेस्टरच्या एका कंपनीने १९२०च्या दशकात काढली आणि नंतर ती जगभरच्या गिरण्यांच्या प्रक्रिया-खात्यांत पोचली. गिरणी कामगारांच्या साहित्यात साचेखात्याचा गोंगाट आहे, कापसाचा तंतू छातीत जाऊन होणारा दमा आहे, पण या वासाचा उल्लेख आमच्या वाचनात आलेला नाही. जो उडून जातो तो साहित्यातही राहत नाही, एवढेच.

मासे खाणाऱ्या मुंबईकरांना फॉर्मॅलिनची दुसरी ओळख २०१८ साली झाली, आणि ती गोव्याहून आली. जुलै महिन्यात मडगावच्या घाऊक बाजारात अन्न व औषध प्रशासनाच्या जागेवरच्या चाचणीत परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मॅलिन सापडल्याचे सांगितले गेले. त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या हवाल्याने प्रमाण मर्यादेत असल्याचेही सांगितले गेले. लोकांचा विश्वास उडाला. सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवसांची बंदी घातली आणि वर्षअखेरीस नव्या अटींमुळे सिंधुदुर्गाच्या गाड्याही अडल्या, तेव्हा प्रकरण दोन मराठी-कोकणी किनाऱ्यांमधल्या भांडणापर्यंत गेले. या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फार थोड्यांनी सांगितली. काही समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे संयुग असते आणि मासा मेल्यावर त्याच्याच विकरांनी ते फुटून त्यातून थोडा फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होतो. ज्यांत तो विशेष होतो त्या माशांत आपला बोंबील येतो. हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्रानेही बोंबलाच्या बाबतीत हे नमूद केले आहे. म्हणून भेसळ होत नाही असा अर्थ कुणी काढू नये, ती होते आणि तो गुन्हाच आहे. पण केवळ ‘सापडले’ या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. किती सापडले आणि कोणत्या माशात, हे विचारावे लागते. आपल्या रक्तातही लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम फॉर्माल्डिहाइड सदैव असतो. शरीर तो घडवते आणि शरीरच मोडते.

धोका कुठे आहे, तर श्वासात. बरणी उघडी राहिली की सजल रूपातून वायू सुटतो. लालबागच्या मसाला गल्लीत मिरची कांडताना लागतो तसाच हाही ठसका वाटतो, पण शास्त्र सांगते की नाकातल्या ज्या ग्राहीला फॉर्माल्डिहाइड डिवचतो ती मोहरीच्या तेलाची ग्राही आहे, मिरचीची नव्हे. नाकाच्या ओल्या अस्तरावर पोचताच तो वायू पुन्हा पाणी धरून सजल होतो, आणि फुप्फुसात जाण्याआधी बराचसा तिथेच मुरतो. १९८० च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांत अर्बुदे उमटली तीही नाकातच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, ते नासा-घशाच्या कर्करोगावरून. २००९ साली त्यात रक्ताच्या कर्करोगाची भर पडली. त्या वेळी विचारात घेतलेल्या पुराव्यात शव राखण्याचा व्यवसाय करणाऱ्या अमेरिकन लोकांची पाहणीही होती. कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत पाऊण भागाहून अधिक असू नये, असा अमेरिकेतला दंडक १९९२ पासून आहे. पंखे, खाली ओढणारी हवा, झाकणे, हातमोजे, असे उपाय सगळे माहीत आहेत आणि मुळीच अवघड नाहीत.

आणि तरीही शब्दच्छल होतोच. २०१० साली अमेरिकेत केस सरळ करण्याचे एक द्रव्य ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ अशा चिठ्ठीसह विकले जात होते. केशकर्तनालयांतल्या स्त्रियांच्या नाकातून रक्त येऊ लागले, डोळे चुरचुरू लागले. ऑरेगन राज्याच्या तपासणीत त्यात आठ टक्क्यांच्या आसपास फॉर्माल्डिहाइड निघाला. उत्पादकांचे म्हणणे असे की आमच्या बाटलीत आहे ते मिथिलीन ग्लायकॉल, आणि तो वेगळा रेणू आहे, त्याचे नाव वेगळे आहे. रसायनशास्त्राच्या परीक्षेत हे उत्तर बरोबर ठरले असते. परंतु त्या बाटलीतले द्रव्य केसांना लावून वर दोनशे अंशांहून तापलेली इस्त्री फिरवली जात होती. पाणी उडाले की उरतो तो वायूच. २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही चिठ्ठी खोटी व दिशाभूल करणारी ठरवली. चिन्ह आणि चिन्हित यांच्या नात्यावर आमच्या विषयात ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्या नात्याच्या सैलपणाची किंमत कुणाच्या नाकाला मोजावी लागते, असे उदाहरण त्यांत क्वचितच भेटते.

मुंबई शरीररचना अधिनियम १९४९ सालचा. ज्यांच्यावर हक्क सांगायला कुणी येत नाही अशी शवे शिक्षणासाठी महाविद्यालयांना देण्याची तरतूद त्याने केली. आता स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात, आणि दधीचीचा दाखला दिला जातो, ते योग्यच आहे. पण शव आणि विद्यार्थी यांच्यामध्ये आणखी एक माणूस असतो. द्रव्य कालवणारा, धमनीतून ते भरणारा, हौद झाकणारा. विद्यार्थी तिथे वर्षभर येतो. हा माणूस निवृत्तीपर्यंत येतो.

आमच्यापैकी एकाच्या गिरगावातल्या चाळीत असे एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना तात्या म्हणत. मूळचे रत्नागिरीकडचे, शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन कक्षाचे सेवक. तिथून आल्यावर न्हाणीत जाऊन अंघोळ केल्याशिवाय ते पोराबाळांना हात लावू देत नसत. चाळीला वाटे ते विटाळापोटी, ते स्वतः मात्र ‘औषध असते रे अंगाला’ एवढेच म्हणत. बोटांची टोके चामड्यासारखी झालेली, हिवाळ्यात भेगा पडत. उतारवयात त्यांना वास येईनासा झाला. आमटी करपली तरी स्वयंपाकघरातून दुसऱ्या कुणाला ओरडावे लागे. याचा त्यांच्या कामाशी संबंध होता की वयाशी, हे ठरवायला कुणी कधी तपासलेच नाही. हातमोजे मिळत, पण ते फाटले की नवे मागायला कारकुनाकडे अर्ज द्यावा लागे, आणि पंखा वर्षानुवर्षे नादुरुस्त होता.

कक्षात मोठ्या डब्यांवर धोक्याची सूचना छापलेली असे, ती इंग्रजीत. तात्या मराठी चौथी शिकलेले, वर्तमानपत्र रोज वाचणारे. पुरवठादाराकडून आलेले मूळ द्रव्य आणि दहापट पाणी घालून कालवलेले द्रव्य ओळखू यावे म्हणून त्यांनी डब्यांवर स्वतःच्या हाताने खडूने लिहिले होते: एकावर ‘कडक’, दुसऱ्यावर ‘पातळ’. दर पावसाळ्यात ओलीने अक्षरे पुसली जात आणि ते पुन्हा लिहीत.